नकाशात नसलेला खडक

"काका, ही शेल्फपण रिकामा करायचा आहे," राज म्हणाला. पोरगा इथे इंग्लंडात, साउदॅम्प्टनमध्येच जन्मलेला. त्याच्या मराठीला हसणं जयंतने केव्हाच सोडलं होतं. "सगळे पेपर चार्ट्स आज श्रेडरमध्ये. आता एव्हरीथिंग स्क्रीनवर."

"आणि मी?"

मॅनेजर असूनही राजने मान खाली घातली. "सॉरी काका. आय ट्राइड."

जयंत या दुकानात जहाजांना लागणारे समुद्राचे नकाशे दुरुस्त करायचा. कुठे दीपगृह बदललं, कुठे जहाज बुडालं, की सरकारी नकाशाखात्याची सूचना यायची आणि तो जांभळ्या शाईने तेवढी खूण करायचा. सूचनेशिवाय पेन टेकवायचं नाही, हा धंद्याचा धर्म. इंग्रजांनी तोफांच्या जोरावर जग घेतलं असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. कुठल्या बंदरात किती पाणी, हे ज्याच्या कागदावर, त्याचं राज्य! पाण्याची खोली सांगितली गावोगावच्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांनी, नकाशावर नाव चढलं साहेबाचं. आयत्या बिळावर नागोबा.

जयंतच्या गावच्या, कातळवेळच्या, खाडीत मात्र साहेबाने उचलून न्यावं असं काहीच नव्हतं. म्हणून तिथे कुणी खोली मोजायलाच गेलं नाही. खाडीच्या तोंडावरच्या खडकावर थोरल्या भावाची, रघुवीरची, होडी फुटली आणि तो बुडाला. तेव्हापासून जयंत त्या खडकाची सूचना येण्याची वाट पाहत होता. जगभरच्या बुडालेल्यांसाठी त्याने खुणा केल्या, सख्ख्या भावासाठी एक करता आली नाही. हे त्याला आतून खात राहिलं.

आज त्याने कोकण किनाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरला. खड्ड्यात गेला तो धर्म. खडकाची नेमकी जागा विचारायला त्याने गावी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाचा तो खडक... देवळाच्या रेषेत येतो ना?"

"खडक? भावजी, तो कुठं ऱ्हायलाय आता! खाडी गाळानं भरली नाय का. त्याच्यावर पोरं क्रिकेट खेळतायत."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्सं. तुमाला सांगायचंच ऱ्हायलं. तुमी बरे हाव ना?"

"बरा आहे," जयंत म्हणाला.

फोन ठेवून त्याने जांभळ्या शाईचं पेन उघडलं. इतकी वर्षं आपण कशाची वाट पाहिली? खूण केली असती तरी आता तपासणार कोण होतं? पण जिथे खडक नाही तिथे खडक दाखवणं त्याच्या हाताला जमेना. त्याने पेनाला टोपण लावलं.

राज जवळ आला. नकाशाकडे, मग जयंतच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "काका, हा एक घरी न्या. मी बघितला नाही."

"नको रे. यात अजून खाडी दिसतेय, ती केव्हाच बुजली. चुकीचा नकाशा जवळ ठेवू नये."

त्याने स्वतःच तो श्रेडरच्या तोंडाशी नेला. कागदाचा कोपरा दुमडला होता. जयंतने तो तळहाताने नीट सपाट केला आणि मग कागद आत सोडला.