दोमितिलाबाईंचा हात

"काय आलं, बाई?" पाळक एलेआसार यांनी हळूच विचारलं, तशी चर्चमधली गुणगुण थांबली. गिटारवाल्यांनीही तारांवर हात ठेवले.

दोमितिलाबाईंचा तळहात नोएमीच्या डोक्यावर होता. पोरगी डोळे मिटून गुडघ्यांवर बसली होती. तिचा प्रश्न सगळ्या मंडळीला ठाऊक होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इस्माएलला देशाच्या पार दक्षिण टोकाला, पुन्ता अरेनास शहरात, कायमची नोकरी मिळाली होती. त्याच्याशी लग्न करून तिकडे जावं का? नोएमीने लग्नाचं पांढरं कापडसुद्धा बेतून ठेवलं होतं. आता फक्त देवाचा होकार हवा होता.

या किनाऱ्यावरच्या मंडळीत तशी रीतच होती. मोठं काही ठरवायचं तर दोमितिलाबाईंच्या हाताखाली डोकं ठेवायचं. तळहात गरम झाला की बाई बोलत, आणि जे बोलत ते देवाकडून आलेलं मानलं जाई. आणि हात गार राहिला तर बाई सरळ "नाही आलं" म्हणून मोकळ्या होत; मग ज्याने त्याने आपलं आपण ठरवायचं. लोकांचा खरा विश्वास बसला होता तो या खरेपणामुळे. खुद्द पाळकसाहेबांना चर्चवर मनोरा बांधायची हौस आली, तेव्हाही बाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "नाही आलं, साहेब. छप्पर गळतंय ते आधी बघा." मनोरा काही झाला नाही, पण बाईंच्या शब्दाला त्या दिवसापासून वजन आलं.

आजही हात गारच होता. "नाही आलं" एवढंच म्हणायचं होतं, म्हणजे पोरगी आपल्या मनाने निघून गेली असती. पण बाईंच्या डोळ्यांपुढे घर उभं राहिलं. नवरा समुद्राने नेला, पोटी मूल नाही. आई वारल्यावर नोएमी त्यांच्या दारी आली, तेव्हा तिच्या वेणीला रिबिनीऐवजी जाळ्याचा दोरा बांधलेला होता. तेव्हापासून दोघी मिळून समुद्रातल्या खडकांवरचं खायचं शेवाळ कापत, वाळवत आणि जुड्या बांधून बाजारात विकत. चुलीपाशी दोन बाकं होती. त्यातलं एक आता रिकामं राहणार होतं.

"थांब," बाई म्हणाल्या. "प्रभू म्हणतो, इथेच थांब."

"आमेन," मंडळी म्हणाली. नोएमीचे खांदे खाली आले. मग तीही आमेन म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी इस्माएल घरी आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मावशी, देव तिच्याशी बोलला ते ठीक आहे. पण लग्न दोघांचं ना? मग माझ्याशी का नाही बोलला?"

बाईंनी बाक पुढे ओढलं. "बस ना बाबा. गरम माते चहा घेतोस?"

"नको. तुमच्या हातचं आता काही नको," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळून पुटपुटला, "चुकलो मावशी, माफ करा." तो शिव्या देऊन गेला असता तरी बाईंना इतकं लागलं नसतं.

नोएमी रुसली असती, भांडली असती, तर बाईंना हायसं वाटलं असतं. पण ती भोपळ्याच्या पुऱ्या तळताना स्तोत्रं गुणगुणायची. पांढऱ्या कापडाचं तिने प्रभुभोजनाच्या टेबलासाठी आच्छादन शिवलं. त्यावरची भाकर बाईंनी उचलून परत ठेवली.

शेवटी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "बाई, तुमच्या एका शब्दावर राउलने दारू सोडली. तुम्हीच खोटं बोललात हे कळलं, तर तो उद्या गुत्त्यावर दिसेल. गप्प राहणं हीसुद्धा सेवाच असते."

"हे देव म्हणतो, साहेब, की तुम्ही?"

पाळकसाहेबांनी बाईंसाठी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघी खडकांवर शेवाळ कापत होत्या. बाईंनी सुरी खाली ठेवली.

"नोएमी, तुझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा काही आलं नव्हतं गं. हात गार होता. मीच बोलले. तू गेलीस तर मी एकटी पडेन म्हणून बोलले. जा त्याच्याकडे. उद्याच्या बसने जा."

नोएमीने हातातलं शेवाळ टोपलीत टाकलं. मग हसली, पण डोळे भरून आले होते.

"मावशी, आधी खोटं बोलायला तरी शीक. जमत नाही तुला."

"खोटं नाही गं!"

"परवा मी रडताना दिसले ना तुला? म्हणून हे चाललंय. मी सुखी व्हावं म्हणून देवाचा शब्द मोडायला निघालीस, पाप स्वतःच्या अंगावर घेऊन. अगं, पाळकसाहेबांची भीड न ठेवणारी बाई तू. तू माझ्याशी खोटं बोलशील?"

"बोलले गं. तुझ्याशीच बोलले."

"बरं, बरं," लहान मुलाची समजूत काढावी तशी नोएमी म्हणाली. "मागे हो, लाट येतेय."

बाईंनी शपथ घेतली असती, पण त्यांच्या मंडळीत शपथ वाहणं पाप होतं. नुसत्या शब्दावर विश्वास बसावा असंच त्या आयुष्यभर वागल्या होत्या. हिवाळ्याच्या तोंडावर कळलं की इस्माएलने तिकडेच लग्न केलं. नोएमी दिवसभर जुड्या बांधत राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "बघ मावशी, देवाला आधीच ठाऊक होतं." बाईंच्या हातातला माते चहा तसाच गार होऊन गेला.

पुढच्या रविवारी एक तरुण आई पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. धाकट्याला मामाकडे ठेवू का, असं तिला विचारायचं होतं. बाईंनी हात ठेवला आणि वाट पाहिली.

"नाही आलं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विसंबू नकोस, पोरी. खरंच सांगते."

मंडळीत समाधानाची कुजबुज झाली. मागच्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अशी खरी बाई शोधून सापडायची नाही." गिटारवाल्यांमध्ये उभी असलेली नोएमी अभिमानाने त्यांच्याकडे बघत होती.

बाहेर समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. नोएमीने बाईंचा हात धरला आणि आपल्या कोटाच्या खिशात घातला.

"किती गार पडलेत गं तुझे हात, मावशी."

"गारच आहेत," बाई म्हणाल्या.

नोएमीने तो हात खिशातच घट्ट धरून ठेवला, आणि दोघी घराच्या वाटेला लागल्या.