हरिपूरचा खड्डा आणि शेंगांचा देश

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. हसू नका. सांगलीजवळच्या हरिपुरात माझ्यासारख्याला पेव म्हणतात आणि मान देतात. इतरांच्या जन्माच्या वेळी काहीतरी तयार होते. माझ्या वेळी नुसती माती बाहेर काढली. सगळे काढून झाल्यावर जे उरले, तो मी. तोंड एक माणूस उतरेल एवढे, पोट मात्र दोन मजली.

तळाला उसाचा पाला अंथरायचा, त्यावर हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून ती मातीने लिंपायची, की झाले माझे काम सुरू. आत किडा नाही, मुंगी नाही, चार-चार वर्षे हळद जशीच्या तशी. लोक ‘अमक्याचे पेव फुटले’ असे म्हणतात. मी आजवर एकदाही फुटलेलो नाही, एवढे नमूद करतो.

मला कुठे जाता येत नाही, म्हणून मला चौकशा फार. माझ्या फरशीवर बसून लोक बोलत आणि मी खालून ऐकत असे. १९७४ साली तिथे तिघेजण नेहमी बसत. एक भाऊसो, माझ्यातल्या हळदीचे व्यापारी. दुसरा गुंडा, वडूजहून आलेला हमाल. तिसरी हुसेनबी, हळद निवडणारी. तिचा मुलगा रहिमान आफ्रिकेत गांबिया नावाच्या देशात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. त्याचे पत्र आले की भाऊसो मोठ्याने वाचत.

“मा, या देशात एक नदी आहे आणि एक पीक आहे, भुईमुगाच्या शेंगा,” रहिमानने लिहिले होते. “शेंगा बोटीत चढल्या की तांदूळ, कापड, साखर बोटीतून उतरते. शेंगा चढल्या नाहीत तर फक्त खलाशी उतरतात.”

गुंडा विचारात पडला. “शेंगा तर आमच्या वडजाला बी हायत. मंग आमचा येगळा देश का न्हाई?”

“तुमच्याकडं नदीला पानी न्हाई, म्हनून,” भाऊसो म्हणाले.

“पर त्ये लोक भात का लावत न्हाईत?” हुसेनबीने विचारले.

“इस्लामपूरच्या आमच्या पावण्यास्नी इचार,” भाऊसो म्हणाले. “कारखाना निघाला, तसा सगळ्या रानात ऊस लावला. आता जोंधळा इकत आणत्यात. येका पिकाचं याड हाय ते. तिकडं देशाला लागलंय, एवढंच.”

मला त्या देशाविषयी एकदम आपुलकी वाटली. माझ्याही पोटात आयुष्यभर एकच माल.

पुढच्या पत्रात खरी गोष्ट होती. शेंगा विकल्यावर दोन-अडीच महिने तिथल्या लोकांच्या हातात पैसा खुळखुळतो, मग पुन्हा खडखडाट. रहिमानने आपल्या मालकाला भरीस घालून भाऊसोंकडून सांगलीची हळद मागवली होती. ती वेळेत पोचली, तर नदीच्या वरच्या अंगाचे नवे दुकान मालक रहिमानच्या हवाली करणार होता. हुसेनबीने हे पत्र तीनदा वाचायला लावले.

पण मुंबईहून जहाज परवा सुटणार होते. त्या सकाळी भाऊसोंनी माझी फरशी काढली आणि दुपारीच ट्रक आणून उभा केला.

आता माझा एक दोष सांगतो. बंद पेवात हळद आतली चांगली हवा खाऊन टाकते आणि विषारी हवा मागे ठेवते. तिला रंग नाही, वास नाही. म्हणून पेव उघडून दिवसभर तसेच ठेवायचे, मग दोराने पेटता दिवा सोडायचा, आणि दिवा जगला तरच माणूस सोडायचा अशी आमच्याकडची रीत आहे.

भाऊसोंनी दिवा सोडला. तो अर्ध्यावर येऊन विझला.

“वाऱ्यानं इझला,” भाऊसो म्हणाले. “उतर रं गुंडा.”

मित्रांनो, माझ्यात वारा असता तर अडचण काय होती? मला ओरडायचे होते. पण एवढे मोठे तोंड असून मला बोलता येत नाही. गुंडाने कमरेला दोर बांधला, एक पाय आत सोडला.

तेवढ्यात हुसेनबी सूप टाकून आली. गुंडाला दंडाला धरून तिने मागे ओढले आणि फरशी सरकवून चक्क माझ्या तोंडावर बसली.

“मावशे, ऊठ की! जहाज चाललंय.”

“जाऊ दे. दिवा जगंना, तिथं तू कसा जगशील?”

भाऊसो कळवळून म्हणाले, “अगं, दुकान तुझ्याच पोराचं जाईल. मला हाय का त्यात काय?”

हुसेनबीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “आवं भाऊसो, माझ्या पोराला दुकान पायजे. गुंडाच्या आईला बी पोरगंच पायजे न्हवं?”

दिवस मावळेपर्यंत ती हलली नाही. ट्रकवाला तासभर हॉर्न वाजवून रिकामाच गेला. मग तिने स्वतः फरशी बाजूला केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा तळापर्यंत तेवत गेला, गुंडा उतरला आणि शिट्टी वाजवत पोती भरू लागला. जहाज मात्र चुकले.

चार महिन्यांनी पत्र आले. हळद पोचेपर्यंत शेंगांचा पैसा संपला होता. माल गोदामात पडून राहिला. मग शेजारच्या देशातल्या एका व्यापाऱ्याने होडीतून सगळा पलीकडे नेला. गांबियात बाहेरून आलेला निम्मा माल असाच मागच्या दाराने जातो म्हणे. रहिमानची नोकरी टिकली, दुकान दुसऱ्याला मिळाले.

गुंडा मान खाली घालून म्हणाला, “मावशे, माझ्यापायी...”

“गप. उद्या दुसरं पेव उघडायचंय. दोर बघ, झिजलाय.”

मित्रांनो, आता हळदीच्या रानातही ऊस आला आहे. हळद वर्षानुवर्षे माझ्याकडे येत नाही. मुले माझ्या काठावर येऊन वाकून बघतात आणि म्हणतात, “काय न्हाई रं, रिकामा खड्डा हाय.” माझी एवढीच विनंती आहे. मला रिकामा समजून, दिवा न सोडता आत उतरू नका. आणि एखाद्याला घाई झाली असेल, कुणी ऐकत नसेल, तर खुशाल माझ्या तोंडावर बसा. मला राग येत नाही.