परवानगीची एकतीस कार्डं

पिवळी नोटीस टेलिफोनच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली होती, आणि खांबही नेमका डबक्यापलीकडचा निवडला होता. वाचायची तर बूट ओले करावे लागत. हेमिंगच्या शेतात अडतीस घरे. हरकती एकवीस दिवसांच्या आत. अपर टेडन या आमच्या गावच्या माणसांना हरकत घ्यायची सवय नाही. आम्ही संतापलो की हवामानाविषयी बोलतो. तरीही चौऱ्याहत्तर हरकती गेल्या, आणि घरे मंजूर झाली. मंजुरीच्या कागदात आमच्या हरकतींना एक परिच्छेद मिळाला होता. वटवाघळांना दोन.

मी या गावच्या ग्रामपंचायतीचा चिटणीस, हॉवर्ड टॉली. तालुक्याच्या साप्ताहिकात ‘टेडन वार्ता’ हे अर्धे सदरही गेली अठरा वर्षे मीच लिहितो: हरवलेली मांजरे, फुलांचे प्रदर्शन, चर्चच्या छपरावरून चोरीला गेलेले शिसे. घरांशी माझे भांडण नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या मुलांना या गावात घर मिळत नाही हे मला कळते. भांडण होते ते वाटेचे.

चर्चच्या मागे धर्मादाय घरकुले आहेत, तिथून हेमिंगच्या शेतातून तिरपी एक पायवाट दुकानाकडे आणि बसथांब्याकडे जाते. चारशे पावले. दुसरा मार्ग म्हणजे डांबरी रस्ता: पदपथ नाही, दोन आंधळी वळणे, दोन्ही बाजूंना छातीएवढी झुडपे आणि दिवसभर खाणीच्या लॉऱ्या. घरकुलांत सहाजण राहतात. त्यांतल्या डल्सी ॲम्फ्लेट यांचे वय एक्क्याऐंशी. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षे काढली. गावातल्या निम्म्या प्रौढांना त्यांच्या हातचे कस्टर्ड अजून आठवते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचे दिसते, समोरचे नाही. गाडी चालवणे सुटले, पण वाट सुटली नाही, कारण ती त्यांच्या पायांना पाठ होती.

“रस्त्यानं गेले तर मला लॉरी दिसणार नाही आणि वळणावर लॉरीवाल्याला मी,” त्या म्हणाल्या होत्या. “दोघांपैकी एकाला तरी दिसायला हवं की नाही?”

वाट गेली तर त्यांना गाव सोडून मुलीकडे, दोनशे मैलांवर जावे लागणार होते. मुलीने खोली रंगवूनही ठेवली होती. डल्सीबाई त्या खोलीविषयी बोलत नसत.

ही वाट कौंटीच्या नकाशावर नव्हती. घरे बांधणाऱ्या कंपनीच्या नकाशात तिच्यावर नऊ ते चौदा क्रमांकाची घरे बसली होती. पण कायदा म्हणतो की लोक वीस वर्षे सलग एखाद्या वाटेने चालले तर ती सार्वजनिक होते, मग घरांनाच सरकावे लागते. आम्ही तर चाळीस वर्षे चाललो होतो. वाट नकाशावर यावी असा दावा लावून मी घरोघर जाऊन साक्षीचे फॉर्म भरून घेतले. त्रेचाळीस. चौदावा प्रश्न होता: ‘वाट वापरण्यास कोणाची परवानगी होती काय?’ लोक तिथे अडत, आणि मी सांगत असे, “खरं असेल ते लिहा. रिकामा ठेवू नका.”

खरे असे होते. दर वर्षी एकवीस डिसेंबरला, सेंट थॉमसच्या दिवशी, गावातर्फे डल्सीबाई शेताचा मालक पर्सी हेमिंग याच्या दारात फ्रूटकेक घेऊन जात आणि विचारत, “पर्सी, आम्ही वाट वापरतो, चालेल ना?” पर्सी उंबऱ्यात उभा राहून, जणू हा प्रश्न त्याला आयुष्यात प्रथमच विचारला जातो आहे असा विचार करी. मग दोन दिवसांनी पोस्टाने कार्ड येई. कार्डावर नेहमी रॉबिन पक्षी, आणि आत: ‘गावाने आणखी एक वर्ष खुशाल चालावे. पी. हेमिंग.’ अशी एकतीस कार्डे डल्सीबाईंनी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. पर्सी गेला, शेत दूरच्या पुतण्याकडे गेले, पुतण्याने ते न बघताच कंपनीला विकले.

कोणी विचारील, चाळीस वर्षांच्या वाटेला परवानगी कशाला? जमीन त्याची होती. आमच्याकडे उघड्या दारावरही टकटक करतात.

“डबा आणा, डल्सीबाई,” वाटेच्या दाव्याच्या सुनावणीआधीच्या आठवड्यात मी त्यांना म्हणालो. “एकतीस वर्षांचा लेखी पुरावा आणखी कोणाकडे असणार?”

हे वाक्य माझे आहे. ते इथे लिहून ठेवणे मला भाग आहे.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर मांडलेल्या टेबलांशी. निकाल देणाऱ्या सरकारी निरीक्षक मिस ट्रँटर यांना सर्दी झाली होती, आणि त्या दर शिंकेनंतर सर्वांची माफी मागत. कंपनीचा बॅरिस्टर फॅरंट तिशीतला, नम्र तरुण होता. मध्यंतरात त्याने स्वतःचा कप स्वतः धुतला, आणि आमच्या बायकांचे मत तिथेच निम्मे फिरले.

पहिली साक्ष केन सॅलिसची. केनने पर्सीचा ट्रॅक्टर बावीस वर्षे चालवला.

“तुम्ही कधी वाट वापरलीत का, मिस्टर सॅलिस?”

“रोज. दारूच्या गुत्त्याकडे जाताना सरळ, येताना जरा वाकडी.”

सभागृह हसले, मिस ट्रँटरही हसल्या. आम्हाला वाटले, आपले चांगले चालले आहे.

मग डल्सीबाई बसल्या, मांडीवर डबा. चर्चला जाताना घालतात तो निळा कोट त्यांनी घातला होता.

“मिसेस ॲम्फ्लेट,” फॅरंट मृदूपणे म्हणाला, “शेत मिस्टर हेमिंग यांच्या मालकीचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्या गावाला माहीत होतं.”

“आणि तरीही आपण त्यातून चालत होता. आपला हक्कच आहे, अशा थाटात?”

डल्सीबाईंची मान ताठ झाली. “थाट कसला? दुसऱ्याच्या जमिनीत घुसायला आम्ही काय चोर आहोत?”

“मग?”

“विचारून जात होतो. दर वर्षी.”

“आणि ते काय म्हणायचे?”

“हो म्हणायचे. नाही कशाला म्हणतील? भला माणूस होता तो.” त्यांनी डबा उघडला. “हे बघा ना. तुम्हाला वाटेल म्हातारी मनचं सांगते.”

मी उठलो नाही. उठून करणार काय होतो? त्या क्षणी मला कौंटीच्या पत्रकातले वाक्य आठवले, जे मी तीनदा वाचले होते: वापर जबरदस्तीने नसावा, चोरून नसावा, परवानगीने नसावा. पहिल्या दोन अटी वाचून मी मान डोलावली होती. तिसरी मी कारकुनी गफलत समजलो होतो. परवानगीने नसावा? परवानगी घेणे हा गुन्हा असू शकतो, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

फॅरंटने कार्डे एकेक करून वाचली. एकतीस वेळा ‘खुशाल चालावे’. तो घाईत नव्हता आणि उपहासही करत नव्हता. डल्सीबाई प्रत्येक कार्डाला मान हलवत होत्या, मुलाचे प्रगतिपुस्तक ऐकावे तशा. विसाव्या कार्डाच्या आसपास सभागृहात खुर्च्या करकरू लागल्या. लोकांना कळत होते. डल्सीबाईंना अजून कळले नव्हते.

“आभारी आहे, मिसेस ॲम्फ्लेट,” तो शेवटी म्हणाला. “आपण फार मदत केलीत.”

“यात कसली मदत?” त्या म्हणाल्या.

बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला. “कसं झालं रे, हॉवर्ड?”

मी त्यांना सांगितले, तिथेच, सायकलींच्या मांडवापाशी.

“म्हणजे विचारलं नसतं तर वाट आपली झाली असती?”

“हो.”

“न विचारता, त्याच्या खिडकीसमोरून, मान वर करून गेले असते तर?”

“हो.”

“शाळेत पोरांना मी दुसरं वाढण न मागता घेऊ द्यायची नाही,” त्या म्हणाल्या. “मूर्खच होते म्हणायची.”

निकाल सहा आठवड्यांनी आला. मिस ट्रँटर यांनी लिहिले होते की गावकऱ्यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. मात्र चौदाव्या प्रश्नाची उत्तरे आणि सादर केलेली कार्डे पाहता वापर परवानगीचा होता, हक्काचा नव्हे. साप्ताहिकाने पहिल्या पानावर मथळा दिला: ‘केकने गिळली वाट’. आत डल्सीबाईंच्या डब्याचा फोटो. अठरा वर्षे ज्या साप्ताहिकासाठी मी मांजरे शोधली, त्याच्या संपादकाला मी फोन केला. तो म्हणाला, “हॉवर्ड, मथळा चांगला आहे, मान्य कर.” मी फोन ठेवला. मला राग मथळ्याचा नव्हता. दांडगाईने घुसणाऱ्याला जमीन देणारा आणि दार ठोठावणाऱ्याला हाकलणारा कायदा कोणीतरी शांत डोक्याने, चांगल्या अक्षरात लिहिला होता, आणि मी त्याच्या हातात डबा नेऊन दिला होता.

डिसेंबरात कंपनीचे पत्र पंचायतीला आले. स्थानिक भावनांची कदर म्हणून शेताच्या कडेने, कुंपणाला धरून एक पट्टा काम सुरू होईपर्यंत चालण्यास खुला राहील. सकाळी नऊ ते चार. ही सवलत केव्हाही मागे घेतली जाईल. पंचायतीने पोच आणि आभार लेखी कळवावेत. दुसऱ्या दिवशी शेताच्या तोंडाशी पाटी लागली: ‘मालकांच्या परवानगीने’.

पंचायतीच्या अध्यक्ष ग्लेनिस रेबोल्ड म्हणाल्या, “दोन ओळी लिहून टाक ना. निदान म्हातारी चालेल तरी.”

मी ते पत्र घेऊन डल्सीबाईंकडे गेलो आणि वाचून दाखवले. टेबलावर फ्रूटकेक होता. सवयीने केला होता, त्या म्हणाल्या, हात थांबले नाहीत.

“आज तारीख काय?”

“एकवीस.”

त्यांनी निळा कोट चढवला. केक तिथेच राहिला.

शेतात नारिंगी जाळी लावली होती आणि नऊ ते चौदा क्रमांकांच्या खुंट्या ठोकल्या होत्या. कडेचा पट्टा चांगला होता, खडीही पसरली होती. डल्सीबाईंनी पाटीला हात लावून पाहिला, मग जाळी दाबून धरली आणि पाय पलीकडे टाकला. मी धरायला पुढे झालो. “नको,” त्या म्हणाल्या, “मला येते ही वाट.” आणि खुंट्यांमधून, जुन्या रेषेवर, एक पाऊलही इकडेतिकडे न पडता त्या चालू लागल्या.

पिवळ्या जाकिटातला मुकादम धावत आला. माणूस वाईट नव्हता. “आजी, रस्ता तिकडून आहे. इथून जायला कोणी परवानगी दिली तुम्हाला?”

“कोणी नाही,” डल्सीबाई म्हणाल्या.

“मग विचारायचं तरी. मी काय नाही म्हणालो असतो?”

“म्हणूनच विचारत नाही, बाळा.”

तो माझ्याकडे पाहू लागला. मी डल्सीबाईंच्या मागोमाग निघालो. बसथांब्याशी पोचल्यावर त्या दम खायला थांबल्या आणि त्यांनी विचारले, “वीस वर्षं, नाही का?”

“वीस. पण डल्सीबाई, मार्चमध्ये इथे पाया खणतील.”

“खणतील तेव्हा खणतील. तू वेळ लिही.”

कंपनीला मी पोच कळवली, एका ओळीत, आभाराविना. त्या आठवड्याच्या ‘टेडन वार्ता’त फुलांच्या प्रदर्शनाच्या बैठकीच्या बातमीखाली एवढेच छापून आले: मंगळवार, एकवीस डिसेंबर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. मिसेस डल्सी ॲम्फ्लेट हेमिंगच्या शेतातल्या वाटेने दुकानात गेल्या. परवानगी घेतली नव्हती. संपादकाने मथळा मागितला. मी दिला नाही. पुढच्या मंगळवारी केन सॅलिस त्यांच्यासोबत होता, आणि घरकुलांतले आणखी तिघे. त्यांच्याही वेळा मी लिहून घेतल्या आहेत.