दोन वाटांचा राउटर

मित्रांनो, रिसालीतल्या गुलाबरावांच्या कपाटावर दोन अँटेना उभारून बसलेला जुना राउटर तो मीच. कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून पावर हाउस बाजारातल्या दुकानात आलो आणि तिथून गुलाबरावांच्या स्कूटरवरून या घरात. बाहेरून आलेलं इंटरनेट सगळ्यांना वाटून देणं हे माझं काम. सुरुवातीला काय कौतुक व्हायचं माझं! आता नेट चालू असलं की कुणी ढुंकून बघत नाही. बंद पडलं की मात्र डोक्यावर टपली बसते.

गुलाबराव पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाले आणि त्यांनी ओसरीवर अभ्यासिका काढली. खुर्सीपार वस्तीतली वीस पोरंपोरी तिथे परीक्षांची तयारी करतात. माझा पासवर्ड तर फळ्यावरच लिहून ठेवलेला असतो!

त्यांची लेक दामिनी घरून ऑफिसचं काम करते. एके दिवशी ऑफिसचा निरोप आला: तुमच्या नेटवर्कवर अनोळखी फोन दिसतात. शनिवारपर्यंत कामाचं नेटवर्क वेगळं करा, नाहीतर हैदराबादच्या ऑफिसात या. घराचा नूरच उतरला.

"पोरायचं नेट मी बंद नाही करणार," गुलाबराव म्हणाले. "अन् तुलेही जाऊ नाही देणार."

"बंद कावून करायचं, बाबा? याच्यातच दोन व्हीलॅन बनवतो न."

"मले काही समजून नाही राहिलं."

"तुमचा गेट पास होता न? कोक ओव्हनच्या पासवर ब्लास्ट फर्नेसमध्ये जाऊ देत होते का?"

"हट्! गार्ड हाकलून लावे."

"बस, वैसाच. पोरायचा पास वेगळा, आपला वेगळा. दोघंही इंटरनेटवर जातील, पण एकमेकाच्या इकडे नाही."

तिने माझं पहिलं भोक स्वतःच्या लॅपटॉपला दिलं आणि तिसरं ओसरीवर लावलेल्या वाय-फायच्या डब्याला. एकाच पोटात दोन वाटा! मला तर तरुण झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी अकराला तपासणी होती. पण मोठं इन्स्पेक्शन म्हटलं की आधी शटडाउन घेऊन मशीन साफ करायची, ही गुलाबरावांची प्लांटमधली सवय. त्यांनी सकाळीच माझ्या सगळ्या वायरी उपसल्या, मला चकाचक पुसलं आणि वायरी दिसेल त्या भोकात खोचल्या. मी दिवे मिचकावून मिचकावून थकलो, पण ऐकतो कोण?

"मैडम, फोन तो अब भी दिख रहे हैं," ऑफिसचा माणूस फोनवर म्हणाला. दामिनीचा चेहरा उतरला.

"बाबा, राउटरले हात लावला का?"

"शटडाउन घेतला न! इन्स्पेक्शन होतं म्हणून."

ती धावतच आली. तिचीच वायर तिसऱ्या भोकात, म्हणजे पोरांच्या वाटेवर होती. तिने वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. ते एक मिनिट संपता संपेना.

"अब ठीक है. आप घर से ही काम कीजिए."

गुलाबराव लहान मुलासारखे ओसरीवर पळाले आणि तिथे एकच गलका झाला. मलाही आनंद आवरेना.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ जरूर पुसा. फक्त वायर काढण्याआधी ती कुठली, ते लिहून ठेवा. गुलाबरावांनी आता तेलरंगाने माझ्यावर आकडे काढलेत. काढताना डोळे पुसत म्हणाले, "लेक बी इथंच, पोरं बी इथंच."