लोकरीला विटाळ नाही

मी एक जुनी काळी घोंगडी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी हळू आवाजात, डोळे पुसत आपली कहाणी सांगावी अशी रीत आहे. मला ते जमायचं नाही. सध्या मी एका घरात इस्त्रीच्या टेबलावर चार घड्या घालून पडलेली असते. अंगावरून गरम इस्त्री फिरते, वर शाळेचे शर्ट पसरतात, आणि त्या घरातली मुलं मला ‘इस्त्रीचं पोतं’ म्हणतात. ते मी सोसते. सुरकुत्या घालवणं हेही कामच आहे. माझा राग त्याचा नाही. कशाचा आहे ते नीट मांडी घालून ऐका आणि मधेच उठू नका. कीर्तनातून मधेच उठून जाणाऱ्यांची मला जन्माची चीड आहे.

माझी लोकर कन्नड तालुक्याच्या बाजूची. घाटाच्या कडेला सांडू नावाच्या धनगराचा कळप चरायचा, त्यातल्या कोकरांच्या अंगावर मी वाढले. कोकराची पहिली लोकर कातरतात, तिला जावळ म्हणतात. माणसाच्या बाळाचं असतं, तसंच. फार मऊ असतं ते. सांडू कोकरांना आधी वाहत्या पाण्यात धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि मग एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन कातर चालवायचा. चुकून कातडीला कातर लागली तर कोकराआधी तोच ‘आई गं’ म्हणायचा. माणसांशी मात्र तो फार बोलत नसे. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, मेंढरं मधीच तोंड घालत नायत, म्हून त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं.

ही लोकर गोणीत भरून, मोटारीच्या टपावर टाकून तो शहरात आणायचा. तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. रोशन गेटच्या आत नूरमोहम्मद पिंजारी राहायचा. त्याच्या घरात आढ्याला माणसाएवढी कमान टांगलेली होती. तिच्या ताठ दोरीवर तो लाकडी ठोकळ्यानं ठोके द्यायचा आणि चिकटून बसलेली लोकर ढगासारखी फुलून वर यायची. त्याची बायको मेहरुन्निसा ती चरख्यावर कातायची. तिच्या हातचं सूत कसं होतं विचारता? कीर्तनकार बुवांच्या आलापासारखं. कुठं जाड नाही, कुठं तुटक नाही, एका श्वासात निघालेलं. ते सूत घेऊन सांडू परत गावी जायचा, मागावर विणायचा, वर चिंचोक्यांची खळ चढवायचा. अशी मी दोन घरांच्या हातांतून घडले.

मी विणून निघाले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाचं राज्य गेलं होतं. रझाकारांनी काय केलं ते लोक विसरले नव्हते, आणि त्यानंतर जे झालं ते काही घरांना विसरता येत नव्हतं. शेजारी शेजाऱ्याला रामराम-सलाम करायचा, पण आधी थोडं थांबून. अशा दिवसांत सांडूनं मला शहरातल्या मुरलीधराच्या देवळात आणून वाहिलं. त्याच्या घरची चालच होती. चांगल्या जावळाची एक घोंगडी देवाची.

त्या देवळात दत्तोपंत बुवा कीर्तन करायचे. कीर्तनकार जिथं उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात, आणि तिथं मला अंथरू लागले. मित्रांनो, याहून मोठं भाग्य घोंगडीला नाही! कुणी थंडीत पांघरली जाते, कुणी धान्यावर पडते. माझ्यावर नारदाचे पाय. बुवांनी झांज उचलली की माझा केस न् केस उभा राहायचा. पूर्वरंगात ते समजावून सांगायचे, उत्तररंगात गोष्ट लावायचे, आणि देव भक्ताच्या दारी आला की म्हातारे-कोतारे पदराला, उपरण्याला डोळे पुसायचे. नूरमोहम्मदही यायचा. तो आत येत नसे, पायरीशी उभा राहून ऐकायचा. मृदंगाची थाप पडली की त्याचा उजवा हात आपोआप हलायचा. बुवा घरी त्याला गमतीनं म्हणायचे, “नूरमोहम्मद, तुझा ठोका आमच्या मृदंग्याला शिकव रे, तो फार घाई करतो.”

बुवांच्या पत्नी यमुनाबाई. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी सोवळं म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण आता तुमच्या घरात ते उरलेलं नसेल. आंघोळ करून, कुणाला न शिवता, स्वयंपाकाला आणि पूजेला जे वस्त्र नेसतात ते सोवळं. सुती असेल तर नुसत्या स्पर्शानं मोडायचं. पण लोकरीची गोष्ट वेगळी. लोकरीला विटाळ नाही, असं सगळे मानत. म्हणून यमुनाबाई लोकरीची धाबळी नेसून देवाचा नैवेद्य रांधायच्या. लग्नापासून त्यांची प्रत्येक धाबळी त्या पिंजाऱ्याच्या घरच्या सुताची. आधी नूरमोहम्मदच्या आईनं कातलेली, पुढं मेहरुन्निसानं. शास्त्र कुणी विचारलं नाही आणि देवाला नैवेद्य कधी कडू लागला नाही.

आता ऐका. दोन-तीन वर्षं गेली. कार्तिकातला उत्सव होता. तिसऱ्या प्रहरी कीर्तन उभं राहणार, तोच देवळाचे एक पंच, रामकिसन, गिरणीचं लाल ब्लँकेट घेऊन आले. रझाकारांच्या वेळी त्यांच्या भावाचं दुकान जळालं होतं. त्यांच्या मनात जखम होती हे मी नाकारत नाही. पण ती जखम नूरमोहम्मदनं दिली नव्हती, आणि ज्यांनी दिली ते त्याला विचारायला आले नव्हते. रामकिसन म्हणाले की ही घोंगडी त्या लोकांच्या घरातून येते, नारदाच्या गादीवर ती यापुढं नको. बुवा काहीतरी बोलायला गेले, मग त्यांनी सभेकडं बघितलं आणि मान खाली घातली. एवढे वाक्पटू बुवा! रावणाला भर दरबारात सुनावणारा अंगद ज्यांच्या तोंडून मी ऐकला, त्यांच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. कुणीतरी माझी वळकटी केली आणि दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ फेकली.

आणि त्या लाल ब्लँकेटला मात्र कुणी काही विचारलं नाही. ते कुठल्या गावच्या गिरणीत, कुणाच्या हाताखाली निघालं, कुणी त्याला धागा लावला, कुणी गठ्ठा बांधला, एकानंही चौकशी केली नाही. वा रे सोवळं! ओळखीच्या हाताचा विटाळ आणि अनोळखी हात पवित्र!

पुढची गंमत तर ऐका. बुवांनी त्या दिवशी आख्यान कुठलं लावलं होतं? एका विणकर भक्ताचं. भक्त भजनात रंगून जातो, माग तसाच पडतो, आणि प्रत्यक्ष देव येऊन त्याच्या मागावर बसतो. लोक माना डोलावत होते. देव मागावरचा धोटा फेकतो म्हणताना सगळ्यांनी टाळी धरली. रामकिसननीसुद्धा. आणि मी चपलांत पडून विचार करत होते की देवा, आज इथं आलास तर तुला तरी आत घेतील का रे? तुझ्या हाताला लोकर लागलेली असेल.

नूरमोहम्मद पायरीशी उभाच होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो खाली वाकला, त्यानं मला उचललं, धूळ झटकली, नीट घडी घातली. पायरीचा कोपरा हातानं पुसून मला तिथं ठेवलं आणि पाठ फिरवून चालू लागला.

बायकांच्या बाजूला बसलेल्या यमुनाबाईंनी ते बघितलं, आणि भर कीर्तनात त्या उठून उभ्या राहिल्या. मित्रांनो, कीर्तनातून उठायची माफी मी आजवर एकाच बाईला दिली आहे. मृदंग थांबला. बुवांची झांज हातात राहिली.

यमुनाबाई म्हणाल्या, “रामकिसनभाऊ, माझी धाबळी त्याच घरची आहे. या मुरलीधराचा नैवेद्य मी ती नेसून रांधते. ती घोंगडी बाटली तर धाबळी बाटली, आणि मग इतक्या वर्षांचा नैवेद्यही बाटला. तो देवाकडून परत कसा घ्यायचा, ते तेवढं मला सांगा.”

रामकिसन आपल्या हातांकडं बघू लागले. त्यांनी तोच प्रसाद वर्षानुवर्षं दोन्ही हात पुढं करून खाल्ला होता. यमुनाबाई पुढं म्हणाल्या, “लोकरीला विटाळ नाही. आजचं नाही हे, आजे-पणजे मानत आले.” एक म्हातारा खरंय म्हणाला, मग दुसरा. बुवा ब्लँकेटवरून खाली उतरले, स्वतः पायरीपाशी आले आणि त्यांनी मला उचलून गादीवर पसरलं. घरोघरी चर्चा झाली. घोंगडी कशी शुद्ध, लोकर कशी पवित्र. सगळी वाहवा माझी. तिथंच सगळे चुकले होते, पण हे त्या दिवशी एकालाही दिसलं नाही.

आठवड्याभरानं सांडू लोकरीची गोणी घेऊन यमुनाबाईंच्या दारी आला. नेहमी तो सरळ रोशन गेटला जायचा. गोणी ओसरीवर टेकवून म्हणाला, “काकू, आता ही लोकर तुम्हीच काता. नूरभायनं कमान उतरवली. हैदराबादला चाललेत, मेहरूनच्या भावाकडं.”

“कशासाठी?”

“मला काय इचारता? मी मेंढरांतला माणूस. माणसांचं तुम्हाला ठावं.”

यमुनाबाई पूजेतून उठलेल्या होत्या, अंगावर धाबळी होती. सोवळ्यातली बाई उंबरा ओलांडत नाही. उत्सव संपला की मी बुवांच्या घरीच असायचे; त्यांनी मला खांद्यावर टाकलं, गोणीतली मूठभर लोकर पदरात घेतली आणि तशाच निघाल्या. गुलमंडीतून भर दिवसा जाताना लोक बाजूला होत होते. त्यांना शिवू नये म्हणून आदरानं सरकत होते बिचारे, आणि बाई कुठं चालल्यात ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

रोशन गेटला नूरमोहम्मदच्या दाराशी टांगा उभा होता. आत बोचकी बांधलेली. मेहरुन्निसा जमिनीवर बसून लोकरीचा गुंडा करत होती. छावणीतल्या एका बंगल्यावर ती दोन सुयांचं विणकाम शिकली होती, आणि वाटेत थंडी लागेल म्हणून मुलांच्या टोप्या विणायला घेतल्या होत्या. सुताची लडी उलगडून गुंडा करायचा तर दोन माणसं लागतात. एकीनं दोन्ही मनगटांवर लडी ताणून धरायची, दुसरीनं गुंडाळायची. मेहरुन्निसा एकटीच होती. तिनं लडी स्वतःच्या गुडघ्यांत अडकवली होती आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

यमुनाबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, “मेहरून, लोकर आणलीय. नवी धाबळी हवी मला.”

“दुसरीकडं द्या, काकू.” तिनं मान वर केली नाही.

“अगं, मी देवळात बोलले ना? सगळ्यांच्या तोंडावर बोलले.”

“बोलल्या. यांनी गल्लीतून ऐकलं. घरी येऊन रडले, लई बरं वाटलं त्यांना.” मग तिनं हातातला गुंडा खाली ठेवला. “पण तुम्ही लोकरीची बाजू घेतली, काकू. लोकरीला विटाळ नाय म्हणल्या. म्हणजे माझ्या हाताला हाय, तो लोकरीला लागत नाय, एवढंच ना? माझी बाजू कुठं घेतली तुम्ही?”

मित्रांनो, माझा राग आहे तो हा. माझ्या अंगातल्या प्रत्येक धाग्याला त्या बाईची बोटं लागली होती, आणि सगळं शहर मला शुद्ध ठरवून मोकळं झालं होतं. मला चांगलं म्हणणाऱ्या एकानंही, जिनं मला कातलं तिच्याबद्दल, एक शब्द काढला नव्हता.

यमुनाबाईंनी मला खांद्यावरून काढून तिथल्याच जमिनीवर पसरलं आणि मेहरुन्निसाच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. धाबळी नेसलेल्या, सोवळ्यातल्या. आणि दोन्ही हात पुढं केले.

“दे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातावर दे.”

मेहरुन्निसानं गुडघ्यांतली लडी काढली. एका मनगटावर घातली, दुसऱ्यावर घातली, आणि नीट बसावी म्हणून यमुनाबाईंची बोटं आपल्या बोटांनी सरळ केली. एकेक करून. घाई न करता. लडी हातात असली की माणसाला उठता येत नाही, मित्रांनो. ती संपेपर्यंत बसावंच लागतं. गुंडा फिरत राहिला आणि दोघी थोडं थोडं बोलत राहिल्या. पोरांचं, थंडीचं, भावाच्या घरी जागा किती त्याचं. मधेच मेहरुन्निसा म्हणाली, हात खाली नका घेऊ काकू, सूत गुंततं. यमुनाबाईंनी मुकाट्यानं हात वर घेतले. नूरमोहम्मद दारात येऊन उभा राहिला, त्यानं दोघींकडं पाहिलं आणि बाहेर जाऊन टांगेवाल्याला सांगितलं की आज राहू दे.

ते राहिले. पण देवळाचं काम पुन्हा त्यांच्याकडं फारसं आलं नाही, हेही सांगते. कारण कीर्तनकार गोष्ट गोड करायला शेवट बदलतात, मी बदलणार नाही. मेहरुन्निसानं टोप्या आणि मोजे विणून घर चालवलं. यमुनाबाई जिवंत होत्या तोवर लडी धरायला जात राहिल्या.

म्हणून माझं मागणं आहे, मित्रांनो, आणि मला पोतं म्हणणाऱ्या मुलांनो, तुमच्याकडंही. मला उन्हात घाला, कसर लागू देऊ नका, ते बरंच होईल. पण तेवढ्यानं मी निवणार नाही. अंगावर काही पांघराल, देवाला काही वाहाल, तेव्हा ते कुणाच्या हातचं आहे ते आधी विचारा. नाव कळलं की त्या घरी जा. दारातून छान म्हणून परत फिरू नका. आत जाऊन समोर बसा.