पूल आणि कमानीच्या मधोमध

अंबरनाथ एमआयडीसीत बनलेली ती पोलादी टाकी ट्रेलरवर चढली, तेव्हाच ड्रायव्हर हिरामणच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या मापाच्या मालाला वेगळी परवानगी लागते. तीत रस्ता नेमलेला असतो आणि वेळ रात्रीची. पण गाडीचा मालक सुजित, त्याला घाई होती. बदलापूरच्या मागच्या अंगानं गावातला रस्ता धर, दुपारीच हायवेला लागशील, असं त्यानं फोनवर सांगितलं. सुजित एकेकाळी हिरामणच्याच गाडीवर क्लीनर होता. त्या पोराचा शब्द हिरामणला मोडवत नसे.

ओढ्यावरच्या जुन्या पुलाशी पाटी होती. सोळा टनांच्या वर बंदी. हिरामणची गाडी मालासकट त्याच्या तिप्पट भरली असती. त्यानं पाटी वाचली, ब्रेक दाबला, आरशात पाहिलं. मागं रिक्षा आणि टेम्पोंची रांग लागली होती, हॉर्न सुरू झाले होते. एवढी लांब गाडी मागं घ्यायची म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायच्या. त्यानं पहिला गिअर टाकला. मागची चाकं पूल सोडत असताना खालून दगड ढासळल्याचा आवाज आला.

पुढं वळण घेतलं आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. समोर रेल्वेरुळांखालचा बोगदा आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान होती. टाकी कमानीपेक्षा हातभर उंच होती. सुजित या रस्त्यानं कायम मोटारीतून गेलेला, कमानीकडे त्यानं कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. चाकांची हवा काढ आणि घाल, असं तो फोनवर म्हणाला. हिरामणनं हवा काढून बघितली. गाडी चार बोटं बसली, तेवढंच.

तोवर पुलाच्या खांबाला मोठी भेग गेल्याचं कळलं. बांधकाम खात्याचे साहेब आले आणि त्यांनी पुलावरची वाहनं बंद केली. पुढं जाता येईना, मागं परतता येईना. पोलिसांनी लायसन्स घेतलं आणि गाडी सोडून हलायचं नाही म्हणून बजावलं.

हिरामणचं घर पुलापलीकडे सोनिवलीत होतं. केबिनमधून तिथल्या नव्या इमारतींचे दिवे दिसत. बायको संजीवनी रोज डबा घेऊन पूल चालत ओलांडून यायची, त्याचं जेवण होईस्तोवर फूटबोर्डवर बसायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. एरवी आठ-आठ दिवस गाडीवर राहणारा हिरामण आता त्याच केबिनमध्ये गुदमरू लागला. दार उघडं ठेवलं तरी त्याला श्वास पुरत नसे.

पूल आणि कमानीच्या मधल्या पट्ट्यात एक आदिवासी पाडा होता. एकीकडे पूल बंद, दुसरीकडे ट्रेलरनं रस्ता अडवलेला, त्यामुळे पाड्यावर रिक्षा येईना. बायका भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन ट्रेलरला घासून जायच्या. त्यातली म्हातारी बनूबाई एकदा थांबली. ही आता ओरडणार, असं हिरामणला वाटलं. ती ओरडली नाही.

"तुजी गाडी आज नाय तर उद्या जाईल," ती म्हणाली. "आमचा पूल कोन बांधनार?"

हिरामणनं मागं वळून पुलाकडे पाहिलं. अडकलोय तो आपणच, असं तो इतके दिवस धरून चालला होता.

संध्याकाळी सुजित आला. दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे हिरामणचा जबाब होता. त्यानं आर्जव केलं, "काका, रस्ता चुकलो म्हणा. लायसन्सचं मी बघतो. माझं नाव आलं तर धंदा बसेल माझा." बोलताना त्याचे डोळे भरून आले, आणि ते काही खोटं नव्हतं. हिरामणनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण शब्द दिला नाही.

जबाब देताना हिरामण अडखळला नाही. "रस्ता सुजितनं सांगितला. पाटी मी वाचली होती. वाचून गाडी घातली."

टाकी बाहेर काढायचा एकच मार्ग उरला. कारखान्यातून वेल्डर नवसू आणि त्याचे सोबती गॅसकटर घेऊन आले. ज्या हातांनी टाकी जोडली होती, त्याच हातांनी ती कापावी लागली. ठिणग्या उडत होत्या. तुकडे लहान टेम्पोंतून बोगद्यापार गेले. रिकामा ट्रेलर दुसऱ्या ड्रायव्हरनं नेला. सुजितनं हिरामणकडे पाहिलंही नाही.

हिरामणचं लायसन्स निलंबित झालं. पुलाच्या कामाबद्दल साहेब म्हणाले, मंजुरी आली की बघू.

संजीवनी त्याला न्यायला आली. दोघं पायीच पुलावर आली. मध्यावर पोचल्यावर हिरामण थबकला. भेग आता वरूनही दिसत होती. समोरून पाड्यावरच्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन, एकामागोमाग एक, कठड्यापासून दूर राहून जपून येत होत्या. त्यांना वाट द्यायला तो बाजूला झाला आणि शेवटची बाई पार होईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.