एकविसाव्या पानावरचा त्रिकोण

वाचनालयातल्या जुन्या वाचकांना एक खोड असते. हाताखालून इतकी पुस्तकं जातात की कोणतं वाचलं आणि कोणतं राहिलं हे लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने गुपचूप एक खूण करून ठेवतो. कुणी सत्तेचाळिसाव्या पानावर फुली मारतं, कुणी शेवटच्या पानावर दोन रेघा ओढतं. माझी खूण म्हणजे एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली एक ठिपका. बारा वर्षांत तिथल्या निम्म्याहून जास्त पुस्तकांत माझा ठिपका जाऊन बसला आहे. हे मी शेखी मिरवत सांगते, कारण मिरवण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही.

दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवायची, सैल झालेले स्क्रू पिळायचे. शनिवारी संध्याकाळी कार्डावर सहा पुस्तकं आणते आणि वारांप्रमाणे रचून ठेवते. सोमवारी रहस्यकथा, मंगळवारी प्रवासवर्णन, बुधवारी कविता, गुरुवारी आत्मचरित्र, शुक्रवारी ऐतिहासिक कादंबरी आणि शनिवारी काहीतरी हलकंफुलकं. ज्या वाराचं पुस्तक त्या संध्याकाळीच उघडायचं, फक्त शनिवारचं दुकान लवकर सुटतं म्हणून दुपारी. दुकानात पुस्तक नेत नाही, तिथे सतत तेलाचे हात.

त्या आठवड्यात मला एका गोष्टीची आस लागली होती. पुस्तक खरेदीच्या समितीवर वाचकांमधून एक जण घ्यायचा, असं ठरलं होतं. त्या माणसाच्या घरी नवी पुस्तकं सगळ्यांच्या आधी जाणार होती. "जो सगळ्यात जास्त आणि सगळ्या प्रकारचं वाचतो तो," असं ग्रंथपाल म्हणाले होते. नाव ते शनिवारी सांगणार होते. ते नाव माझंच, असं मी धरून चालले होते.

रविवारी जेवताना मी घरच्यांना त्या खुणांची गंमत सांगितली. घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा, धाकटा दीर आणि त्याची बायको. ही माझी धाकटी जाऊ घरी बसून शर्टांना बटणं लावून देते. कारखान्यातून गठ्ठे येतात, डझनावर पैसे मिळतात. "पण खूण कुणी करावी?" मी म्हटलं. "ज्याने पुस्तक नीट वाचलं, त्यानेच. नुसतं चाळणाऱ्याने नाही." नवरा आणि दीर भाजी संपवत होते. जाऊ वाढत होती.

सोमवारी संध्याकाळी रहस्यकथा उघडली. एकविसाव्या पानावर, आकड्याच्या अगदी खाली, म्हणजे माझ्या ठिपक्याच्या जागी, पेन्सिलीचा बारीक त्रिकोण होता. आधी मला हसू आलं. मग राग आला. एवढं मोठं पुस्तक, त्यात याला माझंच पान मिळालं का? मी नवऱ्याच्या टेबलावरचं रबर आणलं, त्रिकोण खोडला आणि पुस्तक संपल्यावर माझा ठिपका दिला.

मंगळवारी प्रवासवर्णनात पुन्हा त्रिकोण. शिवाय पुढच्या एका पानात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. वाचता वाचता खूण म्हणून ठेवला असावा. माझा जळफळाट झाला. हा कोण माणूस, जो सगळीकडे माझ्या आधी जाऊन येतो? मी वाळवंटाचं वर्णन वाचत होते, पण डोळ्यांपुढे तो होता. आरामखुर्चीत बसलेला, नोकरीचा त्रास नाही, सकाळपासून पानं उलटतोय. मी तो दोरा फुंकरीने उडवला आणि त्रिकोण खोडला.

बुधवारी दुकानातून परत येताना वाचनालयात गेले. ग्रंथपाल पुस्तकांना पाठीवरचे आकडे चिकटवत होते. त्यांचा चष्मा मीच बसवून दिलेला आहे, त्यामुळे ते माझ्याशी जरा मोकळेपणाने बोलतात.

"एकविसाव्या पानावर त्रिकोण काढतं, असं कोण आहे हो?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. का?"

"दोन पुस्तकांत दिसला. रहस्यकथेत आणि प्रवासवर्णनात."

"म्हणजे सगळ्या प्रकारचं वाचणारा दिसतोय." ते चष्म्यावरून हसले. "शोधून काढा बाई. असला माणूस तर समितीवरच घ्यायला हवा."

हे ते थट्टेत म्हणाले असतील, पण घरी पोचेपर्यंत मला तेवढंच वाक्य ऐकू येत राहिलं. घरी येऊन कवितासंग्रह उघडला. त्यातही त्रिकोण. ते पुस्तक मी कसंबसं संपवलं. एकही कविता मनात शिरली नाही, आणि याला कवितासुद्धा कळतात, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. रबर आता उशाशीच होतं.

गुरुवारचं आत्मचरित्र मात्र अगदी कोरं होतं. शनिवारी माझ्यासमोर त्यावर शिक्का मारला, तेव्हा कागद अजून एकमेकांना चिकटलेले होते. इथे तरी मी पहिली, म्हणून चहा घेऊन निवांत बसले. एकविसावं पान उलटलं आणि तिथेही त्रिकोण होता. मी तो इतक्या जोरात खोडला की कागद पातळ होऊन मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता वाचनालय गाठलं.

"नवं पुस्तक आधी दुसऱ्याला वाचायला दिलंत ना?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "सरळ सांगा. नावही ठरलेलं असेल."

ग्रंथपालांनी नोंदवही माझ्याकडे वळवली. पुस्तकापुढे एकच सभासद क्रमांक होता, माझा. "आणि बाई," ते म्हणाले, "हे पुस्तक ज्या नव्या गठ्ठ्यात आलं, त्याची सुतळी तुम्हीच कापलीत. माझी कात्री सापडत नव्हती तेव्हा. आठवतंय?"

आठवत होतं. म्हणजे त्रिकोण शनिवारनंतर काढलेला होता. म्हणजे माझ्या घरात. मला पांढरा दोरा आठवला आणि मी तिथल्या बाकावर बसले.

संध्याकाळी घरी आल्याआल्या शुक्रवारचं पुस्तक उघडलं. एकविसावं पान स्वच्छ होतं. हवं होतं तेच झालं होतं, तरी मला बरं वाटलं नाही. मी जावेच्या खोलीत गेले. मांडीवर शर्ट, बाजूला बटणांचा डबा, समोर शिवणयंत्र.

"एकविसाव्या पानावर त्रिकोण तू काढतेस?"

सुई थांबली. "काढत होते."

"वाचतेस कधी?"

"तुम्ही दुकानात गेल्यावर. बटणं हाताला पाठ आहेत, त्याला डोळे लागत नाहीत. पुस्तक यंत्राला टेकवून ठेवते."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

दोन वर्षं. म्हणजे मी संध्याकाळी चहा घेऊन ज्याची घडी मोडते असं समजत होते, ते प्रत्येक पुस्तक हिने दुपारीच संपवलेलं असायचं. तेही शर्टांचे गठ्ठे उरकून. मी खाटेच्या कडेवर टेकले.

"मग खूण याच आठवड्यात का?"

"रविवारी तुम्ही म्हणालात, ज्याने नीट वाचलं त्याने करावी. मला वाटलं, मीही नीट वाचते."

"आणि आज का नाही केलीस?"

तिने दोरा दाताने तोडला. "सकाळी माझे त्रिकोण बघावेसे वाटले म्हणून मागची पुस्तकं उघडली. चारही खोडलेले. म्हटलं, ताईंना कळलंय आणि आवडलेलं नाही. तोंडावर बोलायला नको म्हणून असं सांगितलं असेल. मग पुस्तकाला हात नाही लावला."

"अगं, मला काय माहीत तू आहेस ते. विचारायचंस तरी."

"विचारलं होतं, ताई. इथे आले त्या वर्षी. मलाही कार्ड काढता येईल का म्हणून. तुम्ही म्हणालात, एका घरात एक कार्ड पुरे, आणि तुला वेळ कुठे मिळणार."

म्हणाले होते. हसत म्हणाले होते, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

माफी मागायला हवी होती, पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "रहस्यकथेतला खुनी कोण, ते तुला कधी कळलं?"

"चाळिसाव्या पानाच्या आसपास. माळी विहिरीचं कुलूप बदलतो ना, तेव्हा."

मला शेवटच्या प्रकरणापर्यंत कळलं नव्हतं. मग मी कवितांचं विचारलं. तिने बटण शिवता शिवता एक अख्खी कविता म्हटली. बुधवारी मी ती डोळ्यांखालून घातली होती आणि बेचव ठरवली होती. तिच्या तोंडून ऐकताना ती चांगली होती. मला इतका मत्सर वाटला की कान गरम झाले. आरामखुर्चीतल्या त्या बिनकामाच्या माणसाचा हेवा करणं किती सोपं होतं. हिला तर पाठ टेकायलाही जागा नव्हती.

शनिवारी सकाळी पाचही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल दिली. "परत काढ. शुक्रवारचं वाचून झाल्यावर काढ, आणि आजचंही. संध्याकाळी द्यायची आहेत." ती एकेक पान उघडून ठिपक्याशेजारी त्रिकोण काढत गेली. गुरुवारच्या पुस्तकात पेन्सिल टेकवताच कागद फाटला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बटणांचा डबा बघत बसले.

संध्याकाळी मी एकटीच वाचनालयात गेले. ग्रंथपालांपुढे समितीचा कागद होता आणि नावाची जागा रिकामी होती.

"काय बाई, सापडला का तुमचा त्रिकोणवाला?"

नाही म्हटलं असतं तर त्या जागी माझं नाव आलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं. जाऊ तर जन्मात बोलली नसती. मी पुस्तकं टेबलावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"सापडली," मी म्हटलं. "माझी धाकटी जाऊ. सभासदाचा अर्ज द्या एक. आणि ते नाव तिचं घाला. ती माझ्यापेक्षा चांगली वाचते."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला आणि तो अर्ज काढून दिला.

आता नवी पुस्तकं आमच्याकडे सुतळीसकट येतात. कात्री तिच्या हातात असते. तिचं वाचून झालं की मला मिळतात, एकविसाव्या पानावर त्रिकोण असतो आणि त्याच्या शेजारी मी माझा ठिपका देते. खोडत नाही. पण रबर अजून माझ्या उशाशीच आहे, आणि ते तिथे आहे हे तिलाही माहीत आहे.